नव्याच्या जुडीतील कुरडू

दसरा होतो, रोह्यात धावीर महाराजांची पालखी पोलिसांची मानवंदना स्वीकारून नगरात फिरून येते, आणि आमच्या पेण-रोहे भागातील शेतकऱ्यांच्या घरी नव्याच्या पौर्णिमेची तयारी सुरू होते. शहरवासी वाचक या तिथीस कोजागरी म्हणून ओळखतात. इकडे हळव्या भाताची लोंबी, नाचणी-वरीची कणसे, आंब्याचे पान, झेंडू आणि कुरडूचा तुरा यांची जुडी देवास दाखवून दारावर बांधतात. तिला ‘नवे’ म्हणतात. नव्या तांदळाचा पहिला घास त्यानंतर घ्यावयाचा.

श्रौत वाङ्मयात या आचाराचे मूळ रूप आग्रयण या नावाने आढळते. शरदात व्रीहींचे, वर्षाकाळी श्यामाकाचे, वसंतात यवाचे. देवांचा भाग काढल्यावाचून नवे धान्य मुखी घालू नये, हा त्याचा गाभा होय. मला मात्र नेहमी थांबवितो तो कुरडू. भात लावलेला, नाचणी लावलेली. कुरडू कोणी लावला? तो तर बांधावरचे तण! पावसाळ्यात कोवळा असता त्याची भाजी झाली, आश्विनात तुरा आला तेव्हा तो देवापुढे गेला. नांगरावाचून उगवलेल्या अन्नाचा मान आपल्या पूर्वजांस पुरता ठाऊक होता. मनुस्मृतीने वानप्रस्थास नांगरट भूमीतील अन्न वर्ज्य सांगितले. कालिदासाच्या दुष्यंतास आश्रमाची खूण पटते, ती पोपटांच्या ढोलीखाली सांडलेल्या नीवाराच्या दाण्यांवरून. ऋषिपंचमीच्या भाजीत तोच आचार आमच्या माउल्यांनी सांभाळला आहे.

मागे एका नवरात्रात कीर्तनासाठी रोह्याजवळील एका वाडीवर मुक्काम होता. पहाटे कोंबड्याने उठविले. (आमच्या पाकगृहात त्यास प्रवेश नाही; पण चाणक्यनीतीने त्याच्यापासून शिकावयाचे चार गुण सांगितले आहेत, आणि आप्तांस वाटा देऊन खाणे हा त्यांतील एक.) अंगणात पाहतो तो घरातील तरुण मुलगा पाठीवर तणनाशकाचा पंप बांधून उभा, आणि आजी खळ्याजवळच्या बांधावर आडव्या! मला पाहताच म्हणाल्या, “बुवा, तुम्हीच सांगा याला. ह्यो बांध माझ्या कोंबडीच्या पिल्लांचा हाय. किडामुंगी त्यांना हितंच गावते. आन् नव्याला कुरडू मी कुठनं आणू?”

मुलाचीही बाजू होती. बेणणीस माणूस मिळत नाही, भाऊ कारखान्यात, एकट्याने किती वाकावे? ते मी नाकारीत नाही. शेतातील तण त्याने खुशाल काढावे. परंतु बांध हा शेतकऱ्याने न पेरलेल्यांचा वाटा आहे. त्यावरही औषध फवारले, तर कुरडू गेला, टाकळा गेला, पिल्लांचा चारा गेला. आणि मग दारावर बांधलेली जुडी ही आग्रयणाची केवळ नक्कल उरते. त्या दिवशी आजींचे ऐकले गेले. सगळीकडे तसे होत नाही. बाजारातून कुरडू विकत आणणारी शेतकरी घरे आता मला ठाऊक आहेत.

बाजाराचा विषय निघालाच आहे, तर एक गोष्ट बोलल्यावाचून राहवत नाही. याच दिवसांत ठाकूर आणि कातकरी भगिनी पाटीत रानभाजी घेऊन पेणच्या रस्त्यावर बसतात, पुढे करांदेही आणतात. कडू करांद्याच्या चकत्या उकडाव्या, वाहत्या पाण्यात ठेवाव्या, तेव्हा कुठे तो खाण्याजोगा होतो. ही विद्या त्यांच्याच घराण्यांत टिकली आहे. आणि आम्ही, पूजेला निघालेले, तिच्याशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालतो! ज्या रानातून देवाचा वाटा येतो, ते रान जाणणारीला तिचा वाटा देताना हात का आखडावा? यंदा पौर्णिमेच्या आदल्या दिवशी कुरडू तिच्याकडून घेण्याची वेळ आली, तर ती सांगेल तो दाम द्यावा, आणि तुरा कोणत्या बांधावर मिळाला तेही विचारून ठेवावे.