रेझ्युमे फुकट बनतो, पण पुढचं काय?

सोलापूरपासून साधारण १५ किलोमीटरवरचं होटगी हे रेल्वेचं जंक्शन. विजयपूर-गदगची लाइन इथूनच फुटते. परिसरात सिमेंटचा कारखाना आहे, जवळच फताटेवाडीला एनटीपीसीचा १३२० मेगावॅटचा वीज प्रकल्प आहे. म्हणजे आयटीआय किंवा डिप्लोमा केलेल्या मुलाला नोकरीची जागा डोळ्यांना दिसते. पण आता गेटवर अर्ज देऊन भागत नाही. साधा ठेकेदारसुद्धा म्हणतो, "व्हॉट्सॲपवर रेझ्युमे टाक." मग मुलं मोबाइलवर 'फ्री रेझ्युमे' शोधतात.

फुकटाची पहिली मेख डाउनलोडच्या बटणापाशी असते. अर्धा तास माहिती भरून झाली की बऱ्याच साइट किरकोळ पैशांत 'ट्रायल' मागतात. आमच्या ओळखीच्या एका मुलाने असेच थोडे पैसे भरले आणि पुढच्या महिन्यात अब्बूंच्या खात्यातून मोठी रक्कम कापली गेली. असे पैसे परस्पर कापण्याआधी किमान २४ तास सूचना द्यावी लागते, हा रिझर्व्ह बँकेचा नियम ऑक्टोबर २०२१ पासून लागू आहे. पण तो इंग्रजी मेसेज घरात कोण वाचतं? यूपीआय ॲपमधलं 'ऑटोपे' उघडून बघा. नको ते तिथेच रद्द करता येतं.

दुसरी मेख माहितीची. आपल्याकडे बायोडाटा म्हटलं की लग्नाचाच नमुना डोळ्यांसमोर येतो. वडिलांचा व्यवसाय, धर्म, जात, विवाहित की अविवाहित, घराचा पूर्ण पत्ता, कधी कधी आधार नंबरही. नोकरीच्या पहिल्या अर्जात यातलं काहीच लागत नाही. नाव, मोबाइल, ईमेल, गाव, शिक्षण, काम आणि कौशल्य एवढं पुरे. बाकीचं अनोळखी साइटला कशाला द्यायचं?

तिसरी गोष्ट दिसण्याची. दोन रकाने, रंगीत पट्ट्या, कौशल्यापुढे चांदण्या असलेला नमुना आपल्याला छान वाटतो. पण मोठ्या कंपन्यांत अर्ज बऱ्याचदा आधी सॉफ्टवेअर वाचतं आणि अशा मांडणीत त्याचा गोंधळ उडू शकतो. एक रकाना, साधी अक्षरं, एक पान, बस्स. हे गुगल डॉक्समध्ये खरोखर फुकट होतं. काही साइट आता एआयने वाक्यंही लिहून देतात. 'टीमचं नेतृत्व केलं' असं छापून येतं आणि मुलाखतीत पहिल्याच प्रश्नाला मुलगा अडखळतो. त्यापेक्षा 'दोन वर्षं मोटर रिवाइंडिंगचं काम केलं' हे खरं वाक्य जास्त वजनदार आहे.

एवढं सगळं केलं तरी एक ओळ उरतेच. सगळ्यात वरची, नावाची.

सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांनी २००७ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त एक अभ्यास मांडला. ५४८ जाहिरातींना ४८०८ अर्ज गेले. पात्रता सारखी, नावं वेगळी. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत मुस्लिम नावाला बोलावणं येण्याच्या शक्यतेचं गुणोत्तर ०.३३ निघालं, म्हणजे साधारण एक तृतीयांश. दलित नावासाठी ते ०.६७ होतं. पुढे २०२२ मध्ये लेडबाय फाउंडेशनने १००० नोकऱ्यांसाठी दोन सारखेच रेझ्युमे पाठवले, एक हिंदू मुलीच्या नावाने, एक मुस्लिम मुलीच्या. पहिलीला २०८ सकारात्मक उत्तरं आली, दुसरीला १०३.

मग रेझ्युमे नीट करून उपयोग काय, असं मुलं विचारतात. उपयोग आहे, पण त्याची हद्दही समजून घ्यायला हवी. वीस अर्ज करून फोन आला नाही की घरात मुलालाच बोल लावला जातो, "तुझ्यातच काहीतरी कमी आहे." दरवेळी तसं नसतं. २०८ विरुद्ध १०३ म्हणजे आपल्या मुलीला तेवढ्याच उत्तरांसाठी दुप्पट अर्ज करावे लागतात. हा अन्याय आहे आणि तो कुठलाही नमुना पुसू शकत नाही. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात समान संधी आयोगाची शिफारस होती. तो आयोग अजून अस्तित्वात नाही. खासगी नोकरीत धर्मावरून डावललं तर दाद मागायला नेमका कायदाही नाही. मतं मागायला येणाऱ्यांना हा प्रश्न विचारायला हवा.

तोवर हातात आहे ते करू. केंद्र सरकारचं नॅशनल करिअर सर्व्हिस पोर्टल २०१५ पासून सुरू आहे, तिथे नोंदणीला पैसे लागत नाहीत. लेखी परीक्षेवर भरती होते तिथे नावाआधी गुण मोजले जातात, त्या जागा सोडू नका. आधीच नोकरीला लागलेल्या आयटीआयच्या जुन्या मुलांनी धाकट्यांची ओळख करून द्यावी. आणि कुठे, कधी अर्ज केला, काय उत्तर आलं, हे एका वहीत लिहून ठेवा. उद्या कुणी पुरावा मागितला तर दाखवायला काहीतरी असेल.

आपल्या शिक्षण संस्थांनी आठवड्यातून एक संध्याकाळ संगणक खोली उघडून दिली आणि दोन शिकलेल्या मुलामुलींना तिथे बसवलं, तर होटगीसारख्या गावातल्या पोरांना कुठल्याच साइटला पैसे मोजावे लागणार नाहीत. नाव मात्र बदलू नका. आईबापांनी प्रेमाने ठेवलेलं नाव पहिल्या ओळीत, ठळक अक्षरांतच राहू द्या.