गोळीची भीती आणि न झालेली तपासणी

"गर्भनिरोधक गोळ्या खाल्ल्या की पिशवीचा कॅन्सर होतो." वस्त्यांमध्ये काम करताना हे वाक्य आम्ही सतत ऐकतो. ते पूर्ण खोटे नाही आणि पूर्ण खरेही नाही. अर्धवट माहितीची किंमत बाईच मोजते, म्हणून हा विषय नीट समजून घेऊ.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने संयुक्त हार्मोनच्या गोळ्यांचा समावेश कॅन्सरकारक घटकांत केला आहे. २००७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये २४ अभ्यासांची एकत्रित आकडेवारी प्रसिद्ध झाली. सलग पाच वर्षे किंवा त्याहून जास्त काळ गोळी घेत असलेल्या महिलांमध्ये गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा धोका जवळपास दुप्पट आढळला. 'दुप्पट' ऐकून घाबरायला होते. पण मूळ आकडा पाहा. विकसनशील देशांत वयाच्या पन्नाशीपर्यंत हजारातील सुमारे ७.३ महिलांना हा कॅन्सर होतो. विशीपासून तिशीपर्यंत दहा वर्षे गोळी घेतली, तर हे प्रमाण ८.३ होते. गोळी बंद केल्यावर धोका उतरत जातो आणि दहा वर्षांनी तो कधीच गोळी न घेतलेल्या बाईइतका होतो. शिवाय हीच गोळी बीजकोशाच्या आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरचा धोका कमी करते. म्हणजे 'पिशवीचा कॅन्सर' हा शब्दच इथे दिशाभूल करतो.

मूळ कारण गोळी नाही, एचपीव्ही हा विषाणू आहे. तो लैंगिक संबंधातून पसरतो. म्हणूनच नसबंदी झालेल्या बाईलाही धोका असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशात ३७.९ टक्के विवाहित महिलांची नसबंदी झालेली आहे, पुरुषांची फक्त ०.३ टक्के. गोळी वापरणाऱ्या ५.१ टक्के. ऑपरेशन झाले की 'आता दवाखान्याचे काम संपले' असे बाईला वाटते आणि आरोग्य यंत्रणाही तिला विसरते. त्याच सर्वेक्षणात ३० ते ४९ वयोगटातील जेमतेम १.९ टक्के महिलांची ही तपासणी कधीतरी झाल्याचे दिसले. खरा प्रश्न इथे आहे. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात एका वर्षात सुमारे ८० हजार महिला या कॅन्सरने दगावल्या.

उपाय आपल्याच मातीत सिद्ध झाला आहे. उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यात सुमारे १ लाख ३१ हजार महिलांचा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये आले. आयुष्यात एकदाच एचपीव्ही तपासणी देऊ केलेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. पुण्यात बनणाऱ्या 'सर्व्हाव्हॅक' लसीलाही २०२२ मध्ये मंजुरी मिळाली. ज्ञान आहे, साधन आहे. ते वस्तीपर्यंत पोहोचलेले नाही.

आपल्या चळवळीला हा विषय नवा नाही. र. धों. कर्वे यांच्यावरील 'समाजस्वास्थ्य'चा खटला १९३४ मध्ये बाबासाहेबांनी लढवला. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधिमंडळात संततिनियमनाच्या प्रश्नावरील त्यांचे भाषण पी. जे. रोहम यांनी वाचून दाखवले. मूल कधी आणि किती, हे ठरवण्याचा अधिकार बाईला मिळावा, ही भूमिका तेव्हा घेतली गेली. आज कॅन्सरच्या भीतीपोटी तिच्या हातातली गोळी काढून घेणे म्हणजे तो अधिकार मागे नेणे होय.

म्हणून आमची मागणी सरळ आहे. जिथे 'माला-एन' मिळते, 'अंतरा' इंजेक्शन दिले जाते, नसबंदीची शिबिरे भरतात, तिथेच तीस वर्षांवरील प्रत्येक बाईची तपासणी झाली पाहिजे आणि दोष आढळल्यास उपचारही. सरकारी धोरणात तिशीनंतर दर पाच वर्षांनी तपासणी आहेच. ती आपल्या आरोग्य केंद्रात आठवड्यातून कोणत्या दिवशी होते, गेल्या वर्षी किती जणींची झाली, हे तरुण कार्यकर्त्यांनी जाऊन विचारावे, लेखी मागावे. विहारातील महिला मंडळाच्या बैठकीत हा विषय घ्यावा. आणि ज्या बहिणी पाच वर्षांहून अधिक काळ गोळी घेत आहेत, त्यांनी ती घाबरून मध्येच सोडू नये. डॉक्टरांशी बोलावे आणि तपासणी करून घ्यावी.