भागीदार निघाला, नोटीस राहिली

कंपनी स्थापन झाली की तशी वर्तमानपत्रात जाहिरात द्या, असे भारतीय कायदा सांगत नाही. फ्रान्समध्ये ती द्यावीच लागते आणि तिचा दर सरकार ठरवून देते. आपल्याकडे कंपनी निबंधकाच्या नोंदवहीत नाव चढले की प्रसिद्धी झाली. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ३९९ नुसार ही नोंदवही कोणालाही पाहता येते. नाव, नोंदणीकृत पत्ता, भांडवल ही जुजबी माहिती केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर फुकट मिळते. मूळ कागदपत्रे उघडायची तर एका कंपनीमागे शंभर रुपये भरावे लागतात. नोंदवही सर्वांना खुली आहे, म्हणून तिच्यातला मजकूर सर्वांना ठाऊक आहे असे कायदा धरून चालतो. भिवंडीतल्या धामणकर नाक्यावरच्या एखाद्या सूत व्यापाऱ्याने ती न पाहता कंपनीला उधारी दिली, तर मला माहीत नव्हते ही सबब त्याला फारशी उपयोगी पडत नाही.

स्थापनेचा सरकारी खर्च बराच खाली आला आहे. नाव राखून ठेवण्याचे एक हजार रुपये. अधिकृत भांडवल पंधरा लाखांपर्यंत असेल तर नोंदणी शुल्क मार्च २०१९ पासून शून्य. उरते ते राज्याचे मुद्रांक शुल्क, जे महाराष्ट्राने ऑक्टोबर २०२४ मध्ये वाढवले, आणि सीएची फी. म्हणजे ‘मोफत नोंदणी’ हे केंद्राच्या बाजूने जवळपास खरे आणि राज्याच्या बाजूने अर्धवट आहे.

वर्तमानपत्राऐवजी कायद्याने पाटीवर भर दिला आहे. कलम १२ प्रमाणे कंपनीने नोंदणीकृत कार्यालयाबाहेरच नव्हे, तर जिथे जिथे धंदा चालतो त्या प्रत्येक जागेबाहेर आपले नाव आणि नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता लावायचा असतो, आणि त्या परिसरात सर्वसाधारण वापरात असलेल्या भाषेच्या लिपीतही. नाव बदलले असेल तर पुढची दोन वर्षे जुने नावही सोबत हवे. लेटरहेड आणि बिलांवर एकवीस अक्षर-अंकी ओळख क्रमांक, फोन आणि ईमेल हवा. चुकल्यास दंड दिवसाला एक हजार, कमाल एक लाख. भिवंडीत ही तरतूद कळीची आहे. राहनाळ, पूर्णा, वळ, दापोडे, मानकोली या पट्ट्यातल्या गोदामांत माल ठेवणाऱ्या कितीतरी कंपन्यांचा नोंदणीकृत पत्ता मुंबईचा किंवा थेट परराज्यातला असतो. माल भिवंडीत, नोटीस दुसऱ्याच जिल्ह्यात, अशी ही स्थिती. गोदामाच्या दारावरची पाटी हीच स्थानिक धनकोला जागेवर मिळणारी एकमेव जाहीर माहिती, आणि नेमकी तीच अनेक ठिकाणी सापडत नाही.

स्थापनेनंतरच्या बदलांना मात्र पायऱ्या आहेत. संचालक आला वा गेला तर तीस दिवसांत डीआयआर-१२ हा फॉर्म भरायचा. त्याचे शुल्क भांडवलानुसार दोनशे ते सहाशे रुपये असते, पण उशीर सहा महिन्यांवर गेला तर मूळ शुल्काच्या बारापट जादा रक्कम पडते. वार्षिक हिशेबाच्या फॉर्मना तर जुलै २०१८ पासून दिवसाला शंभर रुपये लागतात आणि त्याला कमाल मर्यादाच नाही.

पत्ताबदलाची शिडी अशी : धामणकर नाक्यावरून त्याच शहरात दुसऱ्या गल्लीत कार्यालय हलवायचे असेल तर संचालक मंडळाचा ठराव आणि तीस दिवसांत आयएनसी-२२ हा फॉर्म एवढे पुरते. शहराची हद्द ओलांडली, पण निबंधक तोच राहिला, तर भागधारकांचा विशेष ठरावही लागतो. वर्तमानपत्र अजून कुठेच नाही. राज्य तेच पण निबंधक बदलत असेल तर प्रादेशिक संचालकांची परवानगी हवी, आणि अर्जाआधी किमान महिनाभर इंग्रजी तसेच जिल्ह्याच्या मुख्य भाषेतल्या दैनिकात सूचना हवी. राज्यच बदलत असेल तर आयएनसी-२६ नमुन्यातली जाहिरात द्यावी लागते, तीही इंग्रजी आणि स्थानिक भाषेत, आणि हरकतींसाठी चौदा दिवस द्यावे लागतात. पब्लिक कंपनीला प्रायव्हेट व्हायचे असेल तर अर्जाच्या किमान एकवीस दिवस आधी अशीच जाहिरात.

या जाहिरातींना सरकारी दर नाही. वर्तमानपत्रे चौरस सेंटिमीटरवर आकारणी करतात. नमुना कायद्याने बांधलेला असल्याने मजकूर फारसा कमी करता येत नाही. वाचवायचे ते छोटा टाइप आणि कमी दराचे दैनिक निवडून. मुंबई परिसरात ‘द फ्री प्रेस जर्नल’ आणि ‘नवशक्ति’ ही जोडी अशा सूचनांसाठी परिचयाची आहे. दोन्ही एकाच समूहाची, त्यामुळे दोन्ही भाषांचे काम एका ठिकाणी उरकते. अशी सूचना कोणी वाचावी म्हणून छापली जाते, असा समज करून घेण्याचे कारण नाही. ती छापली जाते ते कात्रण अर्जाला जोडता यावे म्हणून. सेबीने डिसेंबर २०२४ मध्ये शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना निकालांच्या पानभर तक्त्याऐवजी नुसता क्यूआर कोड आणि दुवा छापण्याची मुभा दिली, ती हीच वस्तुस्थिती ओळखून. छोट्या खासगी कंपनीला मात्र अजून पूर्ण मजकूर छापून आणावा लागतो.

धामणकर नाक्याच्या आसपासचा यंत्रमागाचा धंदा बराचसा कंपन्यांच्या नव्हे, तर एकहाती मालकीच्या आणि भागीदारीच्या जोरावर उभा आहे. एकट्या मालकाला प्रसिद्धीचा जाच नाही. गुमास्ता, जीएसटी आणि उद्यम नोंदणी झाली की काम भागते. प्रश्न येतो तो भागीदारीचा, आणि तिथे नोटीस टाळणे सर्वांत महाग पडू शकते.

भारतीय भागीदारी कायदा १९३२ चा. त्याच्या कलम ३२ प्रमाणे फर्ममधून निवृत्त झालेला भागीदार जाहीर नोटीस दिली जाईपर्यंत बाहेरच्या लोकांना जबाबदार राहतो. त्याच्यामागे उरलेल्या भागीदारांनी केलेला व्यवहारही त्याच्या अंगावर येऊ शकतो. फर्म विसर्जित झाली तरी कलम ४५ तेच सांगते. समजा, तिघा भागीदारांची फर्म आहे, एकाने रिटायरमेंट डीड करून आपला हिस्सा उचलला आणि तो गावी गेला. उरलेल्या दोघांनी नेहमीच्या व्यापाऱ्याकडून पुढचे वर्षभर सूत उचलले आणि पैसे थकवले. त्या व्यापाऱ्याला बदल कळवला नसेल आणि नोटीसही निघाली नसेल, तर तो तिघांवर दावा लावू शकतो. नोटरीसमोर सह्या केलेले डीड भागीदारांना आपापसात बांधते. व्यापाऱ्याला त्याच्याशी काही देणेघेणे नाही. अपवाद थोडे आहेत. मृत किंवा दिवाळखोर भागीदाराच्या मालमत्तेवर पुढच्या व्यवहारांचा बोजा येत नाही, आणि अमुक माणूस भागीदार आहे हे ज्याला मुळात माहीतच नव्हते, त्याला त्या माणसामागे लागता येत नाही.

ही जाहीर नोटीस म्हणजे नेमके काय, ते कलम ७२ मध्ये आहे. नोंदणीकृत फर्म असेल तर भागीदारी संस्था निबंधकाला कळवणे, शासकीय राजपत्रात प्रसिद्धी, आणि फर्मच्या धंद्याच्या जिल्ह्यात खपणाऱ्या किमान एका देशी भाषेतल्या वृत्तपत्रात प्रसिद्धी, असे तिन्ही लागते. नोंदणी नसेल तर निबंधक वगळून उरलेली दोन. वकिलाच्या नावाने पेपरात चौकट छापली की मोकळे झालो, असा सर्रास समज आहे. तो चुकीचा आहे. राजपत्राशिवाय ही नोटीस अपुरी राहते, आणि महाराष्ट्र शासन राजपत्रात काही छापायचे तर शासन मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशन संचालनालयाचा वेगळा अर्ज आणि वेगळे शुल्क असते. हा टप्पा बहुधा कोणाच्या लक्षातच येत नाही.

भाषेबाबत हा जुना कायदा नव्यापेक्षा मोकळा आहे. कंपनीच्या परराज्यातल्या स्थलांतराला जिल्ह्याची मुख्य भाषा हवी, म्हणजे ठाणे जिल्ह्यात मराठी. भागीदारीला कोणतीही देशी भाषा चालते, फक्त पत्र त्या जिल्ह्यात खपले पाहिजे. त्यामुळे कायद्याच्या शब्दांप्रमाणे भिवंडीतल्या फर्मची नोटीस उर्दू दैनिकातही पुरेशी ठरते, आणि ज्या व्यापाऱ्यांपर्यंत ती पोहोचायला हवी त्यातले अनेक उर्दूच वाचतात. नोटीस खरोखर वाचली जावी हा हेतू १९३२ च्या कायद्यात तरी शिल्लक दिसतो.

राजपत्राचा स्वतंत्र हेलपाटा मात्र आज निरर्थक आहे. निबंधकाकडे बदल नोंदला गेला की त्यानेच एका शुल्कात तो राजपत्राकडे पाठवावा, ही साधी दुरुस्ती राज्याला करता येण्यासारखी आहे. कंपन्या नोंदवहीतून काढताना कंपनी निबंधक हेच करतो.

फर्मची कंपनी करायची असेल तर कंपनी कायद्याच्या कलम ३६६ चा मार्ग आहे. त्यासाठी दोन सदस्य पुरतात, पण यूआरसी-२ नमुन्यातली जाहिरात एका इंग्रजी आणि एका भारतीय भाषेतल्या वृत्तपत्रात द्यावी लागते आणि हरकतींसाठी पूर्ण एकवीस दिवस थांबावे लागते. रूप बदलल्याने जुने देणे बुडत नाही; कलम ३६९ आधीचे हक्क आणि जबाबदाऱ्या जशाच्या तशा ठेवते. एलएलपीला, म्हणजे मर्यादित दायित्वाच्या भागीदारीला, राज्य बदलताना एकवीस दिवस आधी दोन भाषांत सूचना द्यावी लागते, बाकी तिचे बहुतेक बदल पोर्टलवरच उरकतात.

कंपनी बंद करताना प्रसिद्धीचे ओझे उलट बाजूला जाते. दोन वर्षे धंदा नसलेली कंपनी दहा हजार रुपये भरून एसटीके-२ अर्ज करते. १ मे २०२३ पासून हे अर्ज हरियाणातल्या मानेसरच्या केंद्रात हाताळले जातात. हरकतींची सूचना संकेतस्थळावर आणि राजपत्रात देण्याचे काम निबंधकाचे, आणि नाव काढल्याची अंतिम सूचनाही राजपत्रात तोच छापतो. त्यानंतरही संचालकांची जबाबदारी संपत नाही, आणि नाव पुन्हा चढवण्यासाठी कंपनी, सभासद, धनको किंवा कामगार राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे जाऊ शकतात. त्यासाठी वीस वर्षांची मुदत आहे, आणि ती राजपत्रातल्या त्या अंतिम सूचनेच्या तारखेपासून मोजली जाते.