बळी तो कान पिळी?

आम्ही इतिहास शिकवतो. तरीही ‘बळी तो कान पिळी, हाच निसर्गाचा कायदा’ असे कोणी म्हणाले, की निसर्गाचीच साक्ष काढणे आम्हांस आवश्यक वाटते. ‘योग्यतम तोच टिकतो’ हा शब्दप्रयोग मुळात डार्विनचा नव्हे. तो १८६४ मध्ये हर्बर्ट स्पेन्सरने योजला आणि पुढे विषमतेच्या समर्थनार्थ वापरला गेला.

१९३०च्या दशकात गॉझ या रशियन शास्त्रज्ञाने पॅरामेशियम या सूक्ष्मजीवाच्या दोन जाती एकत्र वाढविल्या. एक टिकली, दुसरी नष्ट झाली. एवढीच हकिकत बहुधा सांगितली जाते. परंतु हीच पराभूत जाती तिसऱ्या जातीसोबत ठेवताच दोघीही जगल्या; कारण एक द्रवात तरंगणारे जिवाणू खाई, तर दुसरी तळाचे यीस्ट. स्पर्धा संपली नव्हती; जगण्याच्या जागा निराळ्या झाल्या होत्या.

आपल्या ताडोबाच्या रानात पट्टेदार वाघ, बिबट व रानकुत्रे एकत्र नांदतात. वाघ गवा-सांबरासारखी मोठी शिकार साधतो, बिबट लहान प्राण्यांवर भागवतो व प्रसंगी झाडाचा आश्रय घेतो, रानकुत्रे दिवसा कळपाने शिकार करतात. हा काही स्नेहभाव नव्हे. संधी मिळाल्यास वाघ बिबट्याला मारतोही. मात्र बांबूची बेटे, गवताळ माळ, नाले आणि विपुल भक्ष्य असेल, तर दुबळ्यालाही वाट सापडते. रान तुटले, एकसुरी झाले, की ही वाट बुजते. मग बिबट गावाच्या वेशीशी येतो, आणि त्याची किंमत मोहफुले वेचणाऱ्या गरिबाला मोजावी लागते.

येथे एक इशारा देणे आम्ही कर्तव्य समजतो. ‘ज्याची त्याची जागा निसर्गानेच ठरविली’ असे म्हणून या उदाहरणातून वर्णव्यवस्थेचे समर्थन कोणी करू नये. बिबट्याची जागा परिस्थितीनुसार बदलते. ती कोणत्याही ग्रंथाने नेमून दिलेली नाही. शिवाय वाघ, बिबट व रानकुत्रे या भिन्न जाती आहेत, तर माणूस ही एकच जाती आहे. डॉ. बाबासाहेबांनी १९३६ मध्येच दाखवून दिले, की जन्माने काम ठरविणाऱ्या व्यवस्थेत व्यक्तीच्या आवडीला व कुवतीला वावच उरत नाही.

म्हणून निसर्गाकडून आम्ही नीती उसनी घेत नाही. एक वस्तुस्थिती मात्र घेतो. अनेकांना जगता यावे, तर भूमीत वैविध्य आणि अवकाश हवा. रानात तो राखावा लागतो. समाजात तो न्यायाने निर्माण करावा लागतो. या वसतिगृहात निरनिराळ्या गावांहून आलेल्या मुलांना एकाच पंगतीत बसलेले पाहताना आमचा हा विश्वास दृढ होतो.