गोलंदाजी चालते, कर्णधारपद चालत नाही

खेळाच्या मैदानावर जात नसते, तेथे केवळ गुण पाहिला जातो, असा एक सोयीचा समज आपल्या मध्यमवर्गात रूढ आहे. राखीव जागांचा विषय निघाला की तो हमखास पुढे येतो. "क्रिकेटच्या संघात कोठे आहे आरक्षण?" असे विचारले की वाद जिंकला, असे अनेकांना वाटते. ज्या मुंबईत हा प्रश्न विचारला जातो, त्या मुंबईच्या क्रिकेटचा इतिहास मात्र या समजाला दुजोरा देत नाही.

पालवणकर बाळू हे चांभार समाजात जन्मलेले डावखुरे फिरकी गोलंदाज. पुण्यात गोऱ्या साहेबांच्या क्लबात महिना चार रुपयांवर मैदानाची निगा राखता राखता आणि जे. जी. ग्रेग यांना सरावासाठी गोलंदाजी करता करता त्यांचा हात तयार झाला. पुण्याच्या हिंदू क्लबाला युरोपियनांवर विजय हवा होता, म्हणून बाळूंना संघात घेण्यात आले. त्यांनी हाताळलेला चेंडू सवर्ण खेळाडू बिनदिक्कत हाताळीत. चहाच्या वेळी मात्र बाळूंना मंडपाबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा मिळे. चेंडूचा विटाळ होत नव्हता, कपाचा होत होता!

पुढे बाळू मुंबईत आले आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. 1906 साली हिंदूंच्या संघाने युरोपियनांना 109 धावांनी हरविले, त्यात बाळू आणि त्यांचे धाकटे बंधू शिवराम यांचा मोठा वाटा होता. 1911 साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघाची कामगिरी सुमार झाली, परंतु एकट्या बाळूंनी त्या दौऱ्यात 114 बळी घेतले. इतके होऊनही चौरंगी सामन्यांत हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. बळी घेण्यापुरते ते हिंदू होते, नेतृत्वाचा प्रश्न आला की अस्पृश्य ठरत.

याचा अर्थ आपण नीट समजून घेतला पाहिजे. जातिव्यवस्था दलितांचे श्रम कधीच नाकारीत नाही, ती नाकारते तो अधिकार आणि त्या श्रमाचे पूर्ण मोल. मुंबईच्या कापडगिरण्यांत हेच घडत होते. इतर खात्यांत दलित कामगार चालत, परंतु अधिक वेतनाच्या विणकाम खात्याचे दार त्यांना बंद होते. धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागतो, त्यामुळे विटाळ होतो, ही त्यामागची सबब. 1928 च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर परखडपणे मांडला होता. गिरणीतील विणकाम खाते आणि मैदानावरील कर्णधारपद ही एकाच कुलुपाची दोन दारे होती.

ते कुलूप केवळ गुणाने उघडले नाही. गुण तर 1906 सालीच सिद्ध झाला होता. 1920 साली बाळूंना संघातून वगळण्यात आले आणि नियोजित कर्णधार पै आजारी असता विठ्ठल पालवणकरांना डावलून दि. ब. देवधरांकडे नेतृत्व देण्यात आले. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या बंधूंनी जाहीर निवेदन काढून संघातून अंग काढून घेतले. याला एकच नाव आहे, ते म्हणजे संप. ज्या वर्षी 'मूकनायक' निघाला, माणगावची परिषद भरली आणि ज्या वर्षी याच मुंबईत आयटकची स्थापना झाली, त्याच वर्षीचा हा संप. त्याचा परिणामही तत्काळ दिसला. अंतिम सामन्यासाठी बाळूंना उपकर्णधार करून परत बोलवावे लागले. पुढे 1923 साली विठ्ठल कर्णधार झाले आणि त्यांच्या संघाने युरोपियनांना हरवून स्पर्धा जिंकली.

वंशद्वेषाने पोखरलेल्या अमेरिकेतही असाच क्रम दिसतो. 19 मार्च 1966 रोजी टेक्सास वेस्टर्न या कॉलेजने राष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पाच कृष्णवर्णीय खेळाडू उतरविले आणि केंटकी विद्यापीठाच्या सर्वस्वी गोऱ्या संघाला 72-65 असे हरविले. मैदानावर एखादा तरी गोरा असल्याशिवाय कृष्णवर्णीयांचा संघ शिस्तीने खेळू शकत नाही, हा समज त्या संध्याकाळी मोडला. परंतु त्या संघाचे प्रशिक्षक डॉन हॅस्किन्स गोरे होते. कृष्णवर्णीय प्रशिक्षकाच्या हाताखालील संघाने ही स्पर्धा जिंकायला 1984 साल उजाडावे लागले. ते प्रशिक्षक जॉर्जटाउनचे जॉन थॉम्पसन. खेळाडू म्हणून स्वीकार आणि सूत्रधार म्हणून स्वीकार यांत अठरा वर्षांचे अंतर होते.

एकट्यादुकट्याचे यश हे समाजाच्या मुक्तीला पर्याय होऊ शकत नाही, याचा दाखलाही पालवणकरांच्याच चरित्रात आहे. 1937 च्या निवडणुकीत काँग्रेसने मुंबईत खुद्द बाबासाहेबांविरुद्ध बाळूंना उभे केले. बाबासाहेब विजयी झाले. परंतु पददलितांतून वर आलेल्या नामवंताला त्याच्याच चळवळीसमोर उभे करण्याची प्रस्थापितांची हातोटी तेव्हापासूनची आहे. आणि यशाने तरी संरक्षण मिळते काय? ऑगस्ट 2021 मध्ये भारताच्या महिला हॉकी संघाचा ऑलिंपिकच्या उपांत्य सामन्यात पराभव होताच वंदना कटारिया यांच्या हरिद्वारजवळील घरासमोर फटाके फोडून जातिवाचक शिवीगाळ करण्यात आली. संघात दलित फार झाले म्हणून हरलो, असे म्हणणारी माणसे आजही आहेत.

आपल्या उपनगरांत भेदाचे रूप बदलले आहे. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथे वेगळा कप कोणी ठेवीत नाही. तासाच्या भाड्याचे टर्फ, महिन्याच्या शुल्काची प्रशिक्षण केंद्रे आणि सभासदत्वाचे क्लब हे काम बिनबोभाट करतात. ज्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मालमत्ता नाही ते बाहेर राहतात, आणि ते कोण हे सांगण्यासाठी जातीचा दाखला मागावा लागत नाही. जानेवारी 2016 मध्ये मोकळे भूखंड खाजगी संस्थांकडे सोपविणारे महापालिकेचे दत्तक धोरण जनतेच्या विरोधामुळे स्थगित करावे लागले. तो विरोध उद्यानांत फिरायला जाणाऱ्या सुशिक्षितांनी प्रामुख्याने केला. वस्तीतील मुलांच्या वतीने तो आपण करायला हवा.

तेव्हा कार्यकर्त्यांनी आपापल्या प्रभागातील क्रीडांगणांची यादी करावी. कोणते कोणाच्या ताब्यात आहे, शुल्क किती, महापालिकेच्या शाळांतील मुलांना तेथे किती तास मिळतात, हे विचारून प्रभाग कार्यालयापुढे मांडावे. आणि आणखी एक प्रश्न विचारावा: निवड समितीवर, प्रशिक्षकांत आणि क्लबांच्या कार्यकारिणीवर कोण बसले आहे? पालवणकर बंधूंनी 1920 साली हाच प्रश्न विचारला होता, आणि उत्तर मिळेपर्यंत खेळण्यास नकार दिला होता.