महर्षी, संस्थापक आणि शिक्षणमंत्री

डॉ. पतंगराव कदम यांच्या नावामागे ‘शिक्षणमहर्षी’ ही उपाधी लावण्याचा प्रघात महाराष्ट्रात पडला, तो त्यांच्या निधनानंतरही टिकून आहे. उपाध्या वाटण्यात आपला समाज मोठा उदार! मात्र ती देताना हिशेब तपासण्याचे कष्ट कोणी घेत नाही.

सांगली जिल्ह्यातील सोनसळसारख्या आडगावचा एक तरुण पुण्यात येतो, हडपसरला रयत शिक्षण संस्थेच्या साधना विद्यालयात शिक्षकी पत्करतो आणि विशीच्या उंबरठ्यावर, १९६४ मध्ये, ‘भारती विद्यापीठ’ स्थापन करतो. शालेय विद्यार्थ्यांच्या इंग्रजी-गणिताच्या परीक्षा घेणे, एवढेच तेव्हा या ‘विद्यापीठा’चे काम होते. पेठांतले पुणेकर नाव वाचून हसले असतील तर नवल नाही. परंतु १९९६ मध्ये केंद्राने त्याच संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा दिला. त्या वेळी राज्यात युतीचे सरकार होते, हेही नमूद केले पाहिजे. हे कर्तृत्व नाकारणे कोतेपणाचे ठरेल.

प्रश्न कर्तृत्वाचा नाही, दोन खुर्च्यांचा आहे.

१९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडले. तिजोरीतून पैसा जायचा नव्हता, तो पालकांच्या खिशातून यायचा होता. त्याच वर्षी भारती विद्यापीठाचे अभियांत्रिकी महाविद्यालय उभे राहिले. १९८५ मध्ये पतंगराव विधानसभेत पोहोचले. राज्यभर देणग्यांचा बाजार असा माजला, की १९८७ मध्ये कॅपिटेशन फीविरुद्ध कायदा करावा लागला. १९९३ मध्ये उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला गुणवत्तेच्या जागा आणि शुल्काच्या जागा अशी विभागणी घालून द्यावी लागली. नेमक्या याच काळात राज्याचे शिक्षण खाते पतंगरावांकडे होते. ज्यांच्यावर शासनाने अंकुश ठेवायचा, त्या संस्थाचालकांपैकीच एक शासनाच्या खुर्चीत! त्यांनी खुर्चीचा गैरवापर केला, असे म्हणण्यास आधार नाही. पण तो झाला नाही, याची खात्री मुलाच्या प्रवेशासाठी दागिने मोडणाऱ्या बापाने कोणाकडे मागायची? मंत्र्यांकडे, की संस्थापकांकडे?

याच पुण्यात गोपाळ कृष्ण गोखलेही शाळेच्या वर्गातूनच सार्वजनिक जीवनात आले. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सभासदाने वीस वर्षे दरमहा ७५ रुपयांत सेवा करायची, हा तिथला दंडक. १९०२ मध्ये गोखले फर्ग्युसनमधून निवृत्त झाले आणि १९११ मध्ये त्यांनी केंद्रीय कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. ते फेटाळले गेले. पण त्या विधेयकात गोखल्यांचा स्वतःचा लाभ कोणता, असे विरोधकालाही विचारता आले नाही. त्यांच्या मालकीची शाळाच नव्हती.

काँग्रेसला या दोन खुर्च्यांत कधीच वावगे दिसले नाही. शिक्षणानंतर उद्योग, सहकार, महसूल, वने अशी खाती पतंगरावांकडे येत राहिली. विरोधकांनी तरी काय केले? ९ मार्च २०१८ रोजी पतंगराव निवर्तले. पलूस-कडेगावच्या पोटनिवडणुकीत भाजपने आपल्या उमेदवाराचा अर्ज मागे घेतला आणि चिरंजीव विश्वजीत बिनविरोध आमदार झाले. अभिमत विद्यापीठाचे कुलपतिपद पतंगरावांचे बंधू शिवाजीराव यांच्याकडे गेले.