पहिल्या धारेची

दिवाळीच्या अंकात यंदा लघवीवर लिहिणार, असे मी घरात जाहीर केले तेव्हा सासूबाईंच्या हातातला चकलीचा सोऱ्या थांबला. "सणासुदीचं काही लिही ना वं!" त्या म्हणाल्या. वाचकहो, मथळा वाचून तुमचाही निराळाच समज झाला असेल. आमच्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, आणि म्हणूनच की काय, 'पहिल्या धारेची' म्हटले की माणसे कान टवकारतात. पण ही धार वेगळी.

विषय सुचला तो माझ्या थोरल्या नणंदेमुळे. सेलू तालुक्यातल्या खेड्यात त्यांचा जन्म गेला. पाळी जाऊन सहा वर्षे झाल्यावर पुन्हा रक्त दिसू लागले, ते त्यांनी दोन वर्षे लपवले. त्यापूर्वी एकदा गावात बायकांच्या तपासणीचे शिबिर झाले होते. त्या गेल्या, पडद्यामागचे टेबल पाहिले आणि तशाच परतल्या. "दुखत तं काही नाही, मंग कशाले उघडं व्हायचं?" दुखू लागले तेव्हा फार उशीर झाला होता. मागच्या पोळ्याला त्या गेल्या.

गर्भाशयाच्या मुखाचा हा कर्करोग होतो तो ह्यूमन पॅपिलोमा नावाच्या विषाणूमुळे. हे शोधणाऱ्या हाराल्ड त्सूर हाउझेन या जर्मन शास्त्रज्ञास 2008 साली नोबेल पारितोषिक मिळाले. हा विषाणू बहुतेक बायकांना कधी ना कधी गाठतोच आणि बहुतेकींच्या अंगातून वर्षा-दोन वर्षांत आपसूक निघून जातो. त्यात कुणाच्या चारित्र्याचा प्रश्न नाही, हे सासूबाईंना मी दोनदा सांगितले. ज्यांच्या ठिकाणी तो ठाण मांडतो त्यांतल्या काहींना रोग जडतो, तोही बहुधा दहा-पंधरा वर्षांनी. केवढा हा अवधी!

या अवधीत एकदाच विषाणू तपासला तर काय होते, हे आपल्या महाराष्ट्रातच पाहिले गेले. उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यात 30 ते 59 वर्षांच्या 1,31,746 बायकांचे गट पाडले होते. बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आणि मुंबईचे टाटा मेमोरियल या कामात होते. आठ वर्षांचा हिशेब 2009 साली छापून आला. विषाणूची तपासणी देऊ केलेल्या 34,126 जणींपैकी या कर्करोगाने 34 दगावल्या; ज्यांच्यासाठी खास तपासणी ठेवलीच नव्हती अशा 31,488 जणींपैकी 64. या 64 वरून पुढे नीतीचा वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता.

पण तिथेही टेबल होतेच. लघवीची गंमत अशी, की तिला टेबल लागत नाही. गर्भाशयाच्या मुखाच्या झडलेल्या पेशी आणि विषाणू खाली उतरून मूत्रद्वाराच्या आसपास साचतात आणि लघवीच्या पहिल्या धारेबरोबर धुऊन निघतात. एरवी प्रयोगशाळेत 'पहिली धार सोडून द्या, मधली धरा' म्हणतात. इथे नेमके उलटे. पहिलीच धरायची, आणि आधी धुवायचेही नाही. अंगणाच्या कोपऱ्यातल्या न्हाणीत हे काम कोणालाही जमेल. चाचणी चांगली असेल तर ही रीत डॉक्टरांनी घेतलेल्या नमुन्याच्या बरीच जवळ जाते, असे निरनिराळ्या देशांत दिसले आहे. डबी फक्त विषाणू आहे की नाही एवढेच सांगते, हे खरे. ज्यांच्यात तो सापडेल त्यांना टेबल चुकत नाही. पण त्या थोड्या. बाकीच्या सगळ्या त्यातून सुटतात. माझ्या नणंदेने डबी नक्की भरून दिली असती. पुढे टेबलावर चढल्या असत्या का? कागदावर नाव लागले असते तर त्यांच्या लेकीने चढवले असते, असे मला वाटते.

गावोगावच्या सरकारी तपासणीत ही डबी अजून आलेली नाही. तिथे 30 ते 65 वर्षांच्या बायकांना पातळ ॲसिटिक आम्ल लावून तपासतात, म्हणजे टेबल आलेच.

नणंदेची ती लेक आता चौतीस वर्षांची आहे. भाऊबीजेला येईल तेव्हा तिला सेवाग्रामला नेऊन दाखवावे, असा माझा विचार होता. "मामी, वेचणी चालू हाय, मजुरी बुडते," ती फोनवर म्हणाली. मग आम्ही वेचणीनंतरचा मंगळवार ठरवला. सासूबाईंनी सोऱ्या खाली ठेवला, हात पुसले आणि कालनिर्णयावर त्या तारखेभोवती स्वतःच गोल काढला.